पहिला ड्रॉइंग टॅबलेट घेताना

गेल्या वेळी कागदावरचं चित्र स्कॅन करून रंगवण्याबद्दल लिहिलं, तेव्हा शेवटी सहज म्हणून गेले होते, 'टॅबलेटबद्दल पुन्हा कधीतरी.' ते 'कधीतरी' वाचकांनी फारच मनावर घेतलेलं दिसतंय. (ड्रॉइंग टॅबलेट म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची पाटी. तिच्यावर खास पेनाने काढलं की रेघ कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटते. काहींना स्वतःचाच स्क्रीन असतो.) आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय. बाकीच्यांनी रागावू नये, त्यांचंही निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न: माझं वय ४१. लहानपणापासून पेन्सिलीने आणि शाईने चित्रं काढते. आता कॉम्प्युटरवर रंगवायला शिकायचं मनात आहे. घरी १४ इंची लॅपटॉप आहे. मैत्रीण म्हणते, स्क्रीन असलेलाच टॅबलेट घे, नाहीतर पैसे पाण्यात. दुकानदार म्हणतो, ८१९२ प्रेशर लेव्हल आता जुन्या झाल्या, १६३८४ वाला घ्या. बजेट जेमतेम आहे. आणि घेतलेला टॅबलेट धूळ खात पडला तर घरचे वर्षभर ऐकवतील. नेमकं काय बघून घेऊ?

उत्तर: दुकानदाराच्या आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण खोक्यावर सगळ्यात मोठ्या टायपात तोच छापलेला असतो.

पेन टेकल्यापासून ते पुरतं दाबेपर्यंतच्या दाबाचे टॅबलेट किती भाग पाडतो, ती प्रेशर लेव्हल. २०४८, ४०९६, ८१९२, १६३८४ असं ते दरवेळी दुप्पट होत गेलं. पण जिना तेवढाच उंच आहे, पायऱ्या फक्त पातळ झाल्या. चढणारा पाय आपलाच. मी एकदा २०४८ वाला आणि ८१९२ वाला टॅबलेट शेजारीशेजारी ठेवून, एकच ब्रश घेऊन, दोन्हींवर गवताची पाती काढली. चाळीसेक पाती असतील. दोन दिवसांनी फायली उघडल्या तर कुठली कशावरची, मलाच सांगता येईना. तेव्हा तो आकडा २०४८च्या वर कितीही असू दे, त्यापायी एक पैसाही जास्त मोजू नका.

बघायचं ते दुसरंच, आणि ते खोक्यावर बहुधा छापलेलं नसतं. किती हलक्या स्पर्शाला पेन जागं होतं? दुकानात किंवा ओळखीच्या कुणाकडे टॅबलेट हाताळायला मिळाला तर पेन दोन बोटांत सैल धरा आणि दाब न देता, नुसत्या त्याच्या वजनावर पृष्ठभागावरून ओढा. केसासारखी रेघ उमटली तर पेन चांगलं. काहीच उमटलं नाही आणि जरा रेटल्यावर एकदम जाड रेघ आली, तर त्या पेनाने तुम्हाला सुख लागणार नाही. तुम्ही शाईत काम करता, म्हणजे रेघ निमुळती सुरू होऊन निमुळती संपणं हाच तुमचा जीव. ते सगळं या पहिल्या हलक्या स्पर्शावर असतं, वरच्या हजारो पायऱ्यांवर नाही.

दुसरी गोष्ट, पेनात सेल नको. यावर मी हट्टी आहे, त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या टॅबलेटच्या पेनात एक ट्रिपल ए सेल होता. कंपनीचं नाव सांगत नाही. पेन मागच्या बाजूला जड, धरलं की अंगठ्याच्या बेचक्यात सतत काहीतरी टेकून बसलंय असं वाटायचं. एका रात्री, सकाळी चित्र द्यायचं असताना, रेघ तुटायला लागली. मला वाटलं ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेटची कॉम्प्युटरशी गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर, बिघडला. तो तीनदा काढून तीनदा टाकला. यूएसबीची वायर बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला. पहाटे साडेतीनला डोक्यात प्रकाश पडला आणि टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढून पेनात घातला. चित्र वेळेत गेलं. रिमोट का चालत नाही, याचा शोध घरात दोन दिवस चालला होता.

आता बिनसेलचं पेन स्वस्त टॅबलेटांतही मिळतं. त्यामागचं तंत्र वॅकॉम या जपानी कंपनीने बरीच वर्षं आपल्याकडेच राखलं होतं. टॅबलेटच्या पृष्ठभागाखाली तारांची बारीक जाळी असते. तिच्यातून उमटणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरच पेनातली एवढीशी कॉइल (तारेचं वेटोळं) चालते आणि 'मी इथे आहे, एवढी दाबलेली आहे' असा निरोप परत पाठवते. म्हणून तर पेन पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर वर असलं तरी स्क्रीनवर कर्सर हलतो. पेटंटांची मुदत सरत गेली तसं ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन यांनीही तसलीच पेनं काढली. कमी पैशांत चांगला टॅबलेट मिळायला लागला तो खरा त्यामुळे.

आता आकार. लोक टॅबलेटचा आकार टेबलावर बघतात, बघायला हवा तो स्क्रीनशी ताडून. छोट्या टॅबलेटचं कामाचं क्षेत्र साधारण १५२ बाय ९५ मिलिमीटर असतं, पोस्टकार्डाएवढं म्हणा. तुमचा १४ इंची स्क्रीन सुमारे ३१० मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे हात एक सेंटिमीटर सरकला की स्क्रीनवर रेघ दोन सेंटिमीटर जाते. एवढं दुप्पट हाताला आठवड्याभरात पचतं. तोच टॅबलेट २४ इंची मॉनिटरला जोडला तर एकाचे साडेतीन होतात, आणि मग मनगटाचं बारीकसं थरथरणंही साडेतीन पट दिसतं. मोठा मॉनिटर असणाऱ्याने म्हणून मधला आकार घ्यावा, २१६ बाय १३५ किंवा त्याहून थोडा मोठा. तुम्हाला छोटा पुरेल. पण एक विचारते, शाईने काढताना तुमचा हात कुठून हलतो? मनगटातून हलत असेल तर छोटा घ्या. कोपरातून, खांद्यातून लांब फटकारे मारायची सवय असेल तर छोट्या टॅबलेटवर दर दोन मिनिटांनी कडेला धडकाल. तेव्हा दहा इंची घ्या, अर्थात टेबलावर लॅपटॉपसमोर त्याला जागा होत असेल तर. खरेदीआधी तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापून दोन दिवस टेबलावर ठेवून बघा. मी हसत नाहीये. की-बोर्ड कुठे जाणार हा प्रश्न पुठ्ठ्यावरच सुटलेला बरा.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं खोटं नाही. जिथे पेन तिथेच रेघ, हे सुख आहेच. पण स्क्रीनवाल्याला पैसे बरेच जास्त पडतात, वायरी वाढतात, आणि तासन्‌तास मान खाली घालून बसावं लागतं. बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर मान सरळ राहते. हात एकीकडे, नजर दुसरीकडे, हे जमेल का अशी धास्ती असते, पण माऊस वापरताना आपण कुठे माऊसकडे बघतो? पहिले तीन दिवस चित्र काढूच नका. स्क्रीनवर ठिपके टाका आणि दोन-दोन ठिपके एका फटक्यात रेघेने जोडा. हाताकडे बघायचं नाही. रोज वीस मिनिटं. चौथ्या-पाचव्या दिवशी पेन ठिपक्यावरच पडायला लागतं आणि ते कधी जमलं हे कळतसुद्धा नाही.

नावं घेऊन सांगायचं तर तीन सांगते. मॉडेलं बदलत राहतात, तेव्हा ही नावं नमुना म्हणूनच घ्या. 'वन बाय वॅकॉम'चा छोटा टॅबलेट: २०४८ लेव्हल, टॅबलेटवर एकही बटण नाही, पेन तिरकं धरल्याचंही त्याला कळत नाही, पण रेघ शांत. ह्युऑनचा 'एच ६४० पी': जवळपास तेवढाच, ८१९२ लेव्हल, कडेला सहा बटणं. एक्सपी-पेनचा 'डेको ०१ व्ही २': दहा बाय सव्वासहा इंच, आठ बटणं, आणि पेनाचा कल ६० अंशांपर्यंत ओळखतो. बटणांवर 'अनडू' आणि 'ब्रश लहान-मोठा' एवढं बसवलं तरी डावा हात की-बोर्डावर चाचपडायचा थांबतो. कल ओळखणं पेन्सिलीच्या आडव्या छटेसाठी उपयोगी. शाईवाल्यांना त्याची फारशी गरज पडत नाही. वॅकॉमच्या बाबतीत एक घोळ ध्यानात ठेवा: 'वन बाय वॅकॉम' वेगळा आणि 'वॅकॉम वन' वेगळा. दुसऱ्या नावाने स्क्रीनवालेही येतात आणि बिनस्क्रीनचेही. ऑर्डर देताना नाव नव्हे, मॉडेल नंबर वाचा.

मी तुमच्या जागी असते तर छोटा, साधा, बिनसेलच्या पेनाचा घेतला असता. सॉफ्टवेअरला पैसे घालवू नका. क्रिटा फुकट आहे, चित्र रंगवणाऱ्यांसाठीच बनवलेलं आहे आणि त्यातले शाईचे ब्रश तुम्हाला ओळखीचे वाटतील.

प्रश्न: मी सतरा वर्षांचा आहे. साठवलेल्या पैशांतून छोटा टॅबलेट घेतला. तीन आठवडे झाले. गोल काढला की अंड्यासारखा येतो. आडवी रेघ काढली की उजवीकडे वर चढते. कितीही दाबलं तरी रेघ सारख्याच जाडीची. कागदावर माझं चित्र बरं असतं. डिजिटल माझ्या हाताला जमत नाही, असं समजू का?

उत्तर: अजिबात नाही. तू सांगितलेल्या तिन्ही तक्रारींत तुझ्या हाताचा दोष एकाही ठिकाणी नाही. (एका ठिकाणी तुझ्या टॅबलेट ठेवण्याचा आहे, त्यावर येते.)

आधी अंडं. तुझ्या टॅबलेटचं क्षेत्र १५२ बाय ९५ असणार, म्हणजे रुंदी उंचीच्या १.६ पट. तुझा स्क्रीन १६ः९ असेल, तर त्याची रुंदी उंचीच्या १.७८ पट. ड्रायव्हर काय करतो, टॅबलेटचे चार कोपरे स्क्रीनच्या चार कोपऱ्यांना ताणून बसवतो. त्यामुळे तुझ्या हाताने अगदी कंपासने काढल्यासारखा गोल काढला तरी स्क्रीनवर तो आडवा ११ टक्के फुगणार. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स' किंवा स्क्रीनचं प्रमाण राखण्याचा तसलाच काही पर्याय असेल, त्यावर टिक कर. टॅबलेटची खालची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी वाया जाईल. जाऊ दे. तीन आठवडे तू डोळ्यांनी बघून हाताला अंडं सुधारायला शिकवत असशील, ती सवय दोन-तीन दिवसांत मोडेल.

चढणारी रेघ. वही लिहिताना तू ती तिरकी ठेवतोस ना? बहुतेकजण ठेवतात. टॅबलेटही तसाच तिरका ठेवला असशील. कागदावर ते चालतं, कारण कागद फिरतो तशी चित्राची चौकटही फिरते. इथे टॅबलेट फिरला तरी स्क्रीन जागच्या जागी. टॅबलेटची वरची कड स्क्रीनच्या खालच्या कडेला समांतर ठेव आणि टॅबलेट स्क्रीनच्या बरोब्बर समोर आण, बाजूला नको. कागद फिरवण्याची सवय सोडायची गरज नाही, फक्त ती सॉफ्टवेअरमध्ये फिरव. क्रिटात ४ दाबलं की कॅनव्हास एकीकडे फिरतो, ६ दाबलं की दुसरीकडे, आणि ५ दाबलं की सरळ. एम दाबलास तर चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. चेहरा वाकडा झालाय का हे बघायला मी ते दर दहा मिनिटांनी दाबते, आणि दरवेळी वाकडा झालेलाच असतो.

आता दाब. एकसारखी जाडी येतेय म्हणजे बहुधा सॉफ्टवेअर तुझ्या पेनाला माऊस समजतंय. आधी ब्रश बदलून बघ, काही ब्रश मुळातच एकाच जाडीचे असतात. तरी तेच झालं तर क्रिटाच्या टॅबलेट सेटिंगमध्ये जा. विंडोजवर तिथे दोन पर्याय दिसतील, विनटॅब आणि विंडोज इंक. जो निवडलेला आहे तो सोडून दुसरा निवड, क्रिटा बंद करून परत उघड. बहुतेक वेळा इथेच प्रश्न मिटतो. नाही मिटला तर मला शंका आहे की तुझ्या कॉम्प्युटरवर दोन ड्रायव्हर आहेत. आधी कुणाचा दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट जोडून बघितला होतास का? त्याचा ड्रायव्हर तिथेच राहतो आणि दोघं पेनावरून भांडतात. जुना काढ, कॉम्प्युटर बंद करून चालू कर, मग कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून नवा उतरवून टाक. मॅकवर असशील तर सिस्टीम सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'इनपुट मॉनिटरिंग' अशा दोन परवानग्या ड्रायव्हरला द्याव्या लागतात. एक दिली आणि दुसरी राहिली की पेन अर्धवट चालतं, ते अजिबात न चालण्यापेक्षा जास्त डोकं खातं.

हे सगळं झालं की क्रिटाच्या त्याच टॅबलेट सेटिंगमध्ये प्रेशर कर्व्ह दिसेल, एक तिरकी रेघ. तिचा मध्य पकडून वर ओढलास तर थोड्या दाबात रेघ जाड होते, खाली ओढलास तर जास्त दाबावं लागतं. तुझा हात जड असेल तर थोडा खाली ओढ. रेघ थरथरत असेल तर ब्रशच्या पर्यायांत 'स्टॅबिलायझर' आहे, पण तो थोडाच ठेव. जास्त वाढवला की रेघ पेनामागून फरफटत येते, आणि तिच्यातला तुझा स्वतःचा हात नाहीसा होतो.

तीन आठवडे तसल्या सेटिंगवर टिकून राहिलास याचंच मला कौतुक आहे. मी दुसऱ्या दिवशी खोकं परत बांधलं असतं.

प्रश्न: माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, फक्त ॲन्ड्रॉइड फोन आहे. फोनला जोडता येणारा टॅबलेट घेऊ का, की फोनवर चालणारं स्वस्त पेन घेऊ? आणि मी डावखुरी आहे.

उत्तर: डावखुरेपणाची काळजी सोडा. कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हरमध्ये टॅबलेट १८० अंशांत फिरवायची सोय असते, बटणं तुमच्या उजव्या हाताशी येतात.

फोनला जोडता येतो, पण दोन गोष्टी तपासा. फोनला ओटीजी हवं, म्हणजे त्याच्या पोर्टात पेन ड्राइव्ह वगैरे चालायला हवं. आणि टॅबलेटच्या माहितीत ॲन्ड्रॉइडचा स्पष्ट उल्लेख हवा. मात्र फोन उभा असताना टॅबलेटचा अर्ध्याहून जास्त भाग मुका राहतो, पेन चालतं ते एका उभ्या पट्टीत. दहा इंची टॅबलेट घेऊन त्यातल्या पट्टीवर चित्र काढण्यात काय हशील? पुढेमागे कॉम्प्युटर येणार असेल तरच घ्या.

ते स्वस्त पेन, रबरी टोकाचं किंवा टोकाला पारदर्शक चकती असलेलं, म्हणजे तुमच्या बोटाची टोकदार नक्कल. दाब त्याला कळत नाही, आणि तळहात स्क्रीनला टेकला की तिथेही रेघ उमटू शकते. त्यापेक्षा तूर्तास बोटानेच आयबिस पेंट किंवा मेडिबँग पेंट या ॲपमध्ये लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) काय असतात, कुठला लेयर कशावर ठेवायचा, निवडलेल्या भागातच रंग कसा भरायचा, हे शिकून घ्या. ते ज्ञान पुढे कुठल्याही टॅबलेटवर जसंच्या तसं कामी येतं. आणि पैसे साठले की सॅमसंगच्या 'गॅलेक्सी टॅब एस ६ लाइट'सारखं, सोबत पेन मिळणारं काहीतरी बघा. त्याचं एस पेन बिनसेलचं, दाब ओळखणारं आहे. वापरलेलं मिळालं तरी चालेल.

प्रश्न: वापरलेला ड्रॉइंग टॅबलेट घेणं शहाणपणाचं आहे का?

उत्तर: बिनस्क्रीनचा असेल तर आहे. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. पृष्ठभागावरच्या ओरखड्यांना भिऊ नका, निबेने घासून ते पडतातच. पण पेन मूळचं आहे ना, ते बघा. एका मॉडेलचं पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही, अगदी एकाच कंपनीचं असलं तरी, आणि नुसतं पेन वेगळं घ्यायला गेलात तर सौद्यातली बचत तिथेच संपते. जायच्या आधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा ड्रायव्हर तुमच्या आताच्या विंडोजसाठी किंवा मॅकसाठी मिळतो का ते शोधा. फार जुन्या मॉडेलांचे ड्रायव्हर कंपन्या सोडून देतात.

तिथे गेल्यावर वायर लावा आणि पोर्टापाशी हलकेच हलवून बघा. कनेक्शन तुटत असेल तर नको. मग पट्टी मागून घ्या. पट्टी टॅबलेटवर तिरकी ठेवून तिच्या कडेने अगदी सावकाश, मुंगीच्या चालीने रेघ ओढा. भरभर ओढलेली रेघ कुठल्याही टॅबलेटवर सरळच दिसते. सावकाश ओढताना ती नागमोडी होत असेल, तर तो दोष तुमच्या हाताचा नाही, आतल्या जाळीचा आहे, आणि तो दुरुस्त होत नाही. चारही कोपऱ्यांत एकेकदा ओढून बघा.

निब झिजून तिरकी झालेली असेल, तिचं काही नाही. ती उपटायला छोटीशी कडी मिळते, नसली तर साधा चिमटाही चालतो. जादा निबा सोबत आहेत का एवढं विचारा. काहीजणांना कागदाचा खरखरीतपणा हवा असतो, ते टॅबलेटवर कागद चिकटवून काढतात. पेन त्यातूनही चालतं. फक्त तो कागद निब खातो, महिन्याभरात टोकाची छिन्नी होते. मी तसंच काढते आणि निबांचं एक पाकीट कायम खणात ठेवते, रिमोटच्या जादा सेलांशेजारी.